संध्याकाळचा काढा

मुळीकाकू आजारी पडत नाहीत, असं गल्लीतले सगळे धरून चालले होते. माणसं एकदा असं धरून चालली, की ज्याच्याबद्दल धरलेलं असतं त्याची मोठी पंचाईत होते.

काकूंचं खरं नाव वेगळं होतं. पण मुळं, साली, बिया विकणाऱ्या काकू म्हणून कुणीतरी कधीतरी मुळीकाकू म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की त्यांच्या मुलाने पाठवलेलं पार्सल नवा पोस्टमन परत घेऊन गेला. या नावाच्या बाई इथे राहत नाहीत, असं त्याला शेजाऱ्यांनीच छातीठोकपणे सांगितलं होतं.

दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणाला पितळेची कडी, मधे काउंटर, त्यावर तराजू आणि खलबत्ता. खलबत्त्याच्या तळाला इतक्या वर्षांच्या कुटण्याने खळगा पडलेला. मागे एक स्वयंपाकघर आणि एक झोपायची खोली, एवढंच घर. हे सगळं सासूबाईंचं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना बडीशेप आणि ओवा यांतला फरकही वास घेतल्याशिवाय कळत नसे. सासूबाईंनी त्यांना हाताखाली घेऊन सगळं शिकवलं, आणि शिकवता शिकवता एवढं ओरडल्या की ते विसरायची सोयच राहिली नाही. पुढे सासूबाई गेल्या, मग नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला. खण राहिले आणि काकू राहिल्या.

खोकला, पोट फुगणं, झोप न येणं, थंडीत सांधे धरणं, इतपत काकूंच्या हातात होतं आणि त्यांच्या हाताला गुणही होता. त्यापलीकडचं कुणी काही आणलं, तर त्या सरळ सांगत, "हे माझ्याकडचं नाही. डॉक्टरला दाखवा." पण ऐकणाऱ्याला ते काकूंचा विनय वाटे. "तुम्ही द्या हो काहीतरी," असं म्हणून तो काउंटरला टेकून उभाच राही.

त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा. दवाखान्यात नंबर लावायचा, बाकावर बसून भिंतीवरची जाहिरात पाठ करायची आणि आत गेलं की डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघून बोलणार. इथे काकू विचारत, झोप लागते का, काल रात्री काय खाल्लंत, धाकट्याशी बोलणं झालं का. गल्लीतली माणसं म्हणत, "गोळ्यांनी एक बरं होतं आणि दुसरं बिघडतं. काकूंचं कसं, लागू पडलं तर पडलं, नाहीतर निदान बाधत तरी नाही."

बाधत नाही, हे काकूंनी स्वतः कधी म्हटलं नव्हतं. पण दुसरं कुणी म्हटलं, तर खोडूनही काढलं नव्हतं. ऐकायला बरं वाटायचं.

समोरच्या बाजूला किल्लीवाल्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधली कपाटाएवढी जागा. एक कानस मारायचं मशीन, भिंतभर लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि त्यांत अंग चोरून बसलेले ते. मशीन सुरू झालं की किंचाळल्यासारखा आवाज गल्लीभर जाई. पितळेचा बारीक कीस उडून उडून त्यांना एकदा कोरडा खोकला लागला होता, कशानेच जाईना. तेव्हा काकूंनी ज्येष्ठमधाचा दाट काढा करून दिला. खोकला गेला. पण त्यानंतरही किल्लीवाले रोज संध्याकाळी शटर ओढून रस्ता ओलांडून येत, काउंटरपाशी स्टुलावर बसत, पेला दोन्ही हातांत धरून घोट घोट काढा पीत आणि "बरं वाटलं वहिनी," असं म्हणून उठत. ते काकूंच्या नवऱ्याचे मित्र होते, म्हणून काकू त्यांना भाऊजी म्हणत. त्यांची बायको जाऊनही बराच काळ लोटला होता. आता खोकला नाही, मग काढा कशाला, हा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही.

तर अशा या काकूंना एका उन्हाळ्यात तहान लागायला लागली. साधी तहान नाही. तांब्याभर पाणी प्यायलं तरी घशाला कोरड पडलेलीच. पोलकी अंगावर ढगळ झाली. खणांवरच्या चिठ्ठ्या डोळ्यांपुढे पुसट होऊ लागल्या, तसा वास घेऊन खण ओळखायचा जुना सराव कामाला आला. काकूंना काय ते कळलं होतं. त्यांनी मेथी भिजवून खाल्ली, कडू साली उकळून प्यायल्या, गोड सोडलं. थोडा फरक पडला असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग एकदा मुळं कापताना सुरी अंगठ्याला लागली. एवढीशी जखम, पण भरून यायचं नाव घेईना. त्यांनी चिंधी बांधली, रोज बदलली, आणि रोज चिंधीखाली तेच दिसत राहिलं.

दुसऱ्या कुणाचा असा अंगठा त्यांनी पाहिला असता, तर त्याला त्याच पावली डॉक्टरकडे पिटाळलं असतं. स्वतःला पिटाळायला मात्र कुणी नव्हतं. मुलगा रविवारी फोन करायचा. "तब्येत?" तो विचारी. "मला काय धाड भरलीय," काकू म्हणत. मग तो त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल बोले आणि फोन ठेवी.

शेवटी त्यांनी माल आणायला जाते असं शेजारी सांगून दुकान बंद केलं. जवळचा दवाखाना हाकेच्या अंतरावर होता, पण तिथे जाणं म्हणजे गल्लीत दवंडी पिटण्यासारखं. म्हणून त्या बसने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात गेल्या. लांबच लांब बोगदा असावा असा कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बाकं आणि फिनेलचा वास. काकूंच्या नाकाला इतके वास ओळखीचे, पण या वासात त्यांना एकदम परकं वाटलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस कसेबसे बांधलेले, टेबलावर चहा निवून साय धरलेला. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि भुवया वर गेल्या.

"साखर खूपच वाढलीय. इतके दिवस काय करत होतात?"

"लक्षात आलं नाही."

"दुसरं काही घेता का? झाडपाल्याचं वगैरे?"

"छे," काकू म्हणाल्या. इतक्या चटकन म्हणाल्या, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

गोळ्या सुरू झाल्या. पाकिटं काकूंनी सगळ्यांत खालच्या, रिकाम्या खणात ठेवली. जेवणाआधी पाठमोऱ्या उभ्या राहून त्या गोळी गिळत, घरात दुसरं कुणी नसतानासुद्धा. हळूहळू तहान कमी झाली, नजर निवळली, अंगठा भरून आला. एके दिवशी बेकरीवाली त्यांच्याकडे टक लावून बघत म्हणाली, "काकू, चेहरा कसा उजळलाय! मधे किती उतरला होतात. काय घेतलंत?"

"काही नाही, जरा विश्रांती घेतली."

"मला नका सांगू. तुमच्या खणातलंच काहीतरी असणार. हे बघा, मलाही साखर निघालीय. डॉक्टरने गोळ्या दिल्यात, पण जन्मभर कोण गिळणार? तुम्ही घेतलंत तेच मला द्या."

काकूंच्या तोंडाशी आलं होतं. खालचा खण हाताच्या अंतरावर होता. त्या म्हणाल्या, "गोळ्या सोडू नकोस. डॉक्टर सांगेल तसं कर."

"तुम्हीच असं म्हणता?" बेकरीवालीचा चेहरा पडला. "सगळ्यांना देता आणि मला वाटेला लावता. मी काय परकी आहे?"

शेवटी काकूंनी तिला मेथीची पुडी बांधून दिली. पुडी घेऊन ती खूश होऊन गेली. काकू बराच वेळ काउंटरवरची सांडलेली मेथी एकेक दाणा वेचत उभ्या राहिल्या.

पुढच्या तपासणीला त्या इस्पितळात गेल्या, तेव्हा कॉरिडॉरच्या टोकाला, बाकावर, अंग चोरून बसलेली एक ओळखीची पाठ दिसली.

"भाऊजी?"

किल्लीवाल्यांनी वळून पाहिलं. कॉपी करताना पकडलेल्या मुलाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. हातातली कागदी पिशवी त्यांनी मांडीखाली सरकवली. काकूंनीही पर्स पोटाशी धरली.

"वहिनी, तुम्ही इथे कशा?"

"एकीला भेटायला आले होते. तुम्ही?"

"मीही. एकाला."

काकू शेजारी बसल्या. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तेवढ्यात नर्सने दारातून एक नाव पुकारलं. कुणी उठेना. तिने पुन्हा पुकारलं, तेव्हा किल्लीवाले खालमानेने म्हणाले, "माझंच आहे ते. जरा दुसऱ्याला घ्या बाई आधी, मी येतो." इतक्या वर्षांत काकूंना त्यांचं नाव माहीत नव्हतं. आणि ते कळलं ते असं, हे मनात येऊन काकूंना एकदम हसूच फुटलं. किल्लीवाल्यांनी आधी कावरेबावरे होऊन पाहिलं, मग तेही हसायला लागले. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले, तेव्हा कुठे दोघं थांबली.

"मला साखर झालीय," काकू म्हणाल्या. "तुम्हाला?"

"रक्तदाब. बरीच वर्षं झाली. एक गोळी होती, दोन झाल्या, आता तीन. तरी उतरायचं नाव नाही. डॉक्टरीणबाई मलाच रागावतात, म्हणतात तुम्ही नीट घेत नाही. घेतो हो मी!"

"आणि एवढ्या लांब येता?"

"जवळ गेलो असतो तर तासाभरात तुमच्या कानावर आलं असतं. तुम्हाला वाटलं असतं, याचा आपल्या औषधावर भरवसा नाही."

"अहो, दाबावर मी कधी औषध दिलंय तुम्हाला? घशावर दिलं. तोही कधीच बरा झाला."

"झाला."

"मग काढा कशाला पिता रोज?"

किल्लीवाल्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. घासून घासून काळी पडलेली बोटं. "दिवसभर माणसं येतात, वहिनी. किल्ली हरवली, कुलूप बसलं, असं बोलतात आणि जातात. शटर ओढलं की घरी जाऊन आपणच आपला दिवा लावायचा. मधे तेवढं जरा बसायला मिळतं. काढा नको म्हटलं असतं, तर बसायला काय म्हणून आलो असतो?"

काकूंची नजर खाली गेली. किल्लीवाल्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या. बुटांची तोंडं फाकवलेली, आणि घोटे मोज्यांवरून फुगून आलेले. काकूंनी भर कॉरिडॉरमध्ये खाली वाकून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"पायात गोळे येतात?"

"येतात. जिना चढताना पाय उचलतच नाहीत. वय झालं."

काकूंना सासूबाईंचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला, त्याच खरखरीत, ओरडणाऱ्या सुरात. हे मूळ गोड आहे म्हणून भुलू नकोस, थोडे दिवस दे आणि हात आखड, सलग दिलंस तर अंगात पाणी धरतं. काकूंना हे माहीत होतं. बाकी सगळ्यांना त्या बेताने देत आणि मग बंद करत. फक्त या एका माणसाला त्यांनी कधी बंद केलं नाही. रोज दुपारी दुकान सुनं पडलं की त्या काढा उकळत ठेवत, आणि तो उकळत असला की आता कुणीतरी येणार आहे असं घराला वाटायचं. घसा बरा झालाय, आता पुरे, असं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून स्टूल रिकामं राहिलं असतं. हे त्यांनी स्वतःला कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं, एवढंच.

"भाऊजी, आत गेल्यावर काढ्याचं सांगा."

"छे! तुमचं नाव मी मुळीच घेणार नाही."

"तुम्ही नका घेऊ. मी घेते," असं म्हणून काकू उठल्या आणि त्यांच्याबरोबर आत गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. काकूंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. दुकान कसलं, काढा कशाचा, रोज एक पेला, दाट, किती वर्षांपासून ते आठवतसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या ओरडल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं.

"ज्येष्ठमधाने अंगात मीठ आणि पाणी अडून राहतं, बाई. दाब वाढतो, आणि पोटॅशियम बाहेर निघून जातं. पोटॅशियम कमी झालं की स्नायू गळतात, हृदयाचे ठोके चुकतात. आणि मी यांना जी लघवी वाढवायची गोळी देते ना, तिनेही पोटॅशियमच कमी होतं. म्हणजे एका बाजूने मी ओढतेय, दुसऱ्या बाजूने तुम्ही, आणि मधे हा माणूस."

किल्लीवाले म्हणाले, "त्यांचा काही दोष नाही हो. मीच मागून प्यायचो."

कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. छातीला तारा लावून कागदी पट्टी काढली गेली, रक्त घेतलं गेलं, आणि निकाल आल्यावर त्यांना घरी सोडायला डॉक्टरीणबाईंनी साफ नकार दिला. चाकांच्या खुर्चीत बसवून त्यांना वर नेताना ते सारखे मागे वळून, "दुकानाचं शटर नुसतं ओढलंय, कुलूप लावलं नाहीय," असं सांगत होते. गल्लीभरच्या कुलपांच्या किल्ल्या करणारा माणूस, आणि स्वतःचं दुकान उघडं टाकून आलेला.

ते गेल्यावर डॉक्टरीणबाई काकूंना म्हणाल्या, "आणि तुम्ही? मी विचारलं होतं तेव्हा काही घेत नाही म्हणालात."

"मेथी. कडू सालीही. अजून घेते."

"घ्या किंवा सोडा, पण मला कळू द्या. त्यावर गोळीचा हिशेब बदलतो." मग त्या म्हणाल्या, "रोज अशी माणसं येतात. मी विचारते, ती नाही म्हणतात, मी घाईत असते, पुढच्याला बोलावते. तुमच्याकडे येणारे आमच्या गोळ्यांचं सांगतात का तुम्हाला?"

"नाही."

"तुम्ही विचारता?"

"नाही," काकू म्हणाल्या. "माझं बाधत नाही, असंच सगळे म्हणायचे."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. काकू गल्लीत उतरल्या, आधी किल्लीवाल्यांचं शटर नीट बसवून शेजारच्या दुकानातून मागून आणलेलं कुलूप त्याला घातलं, आणि मग आपलं दार उघडलं. दुपारी उकळायला म्हणून काढून ठेवलेली ज्येष्ठमधाची कांडी ओट्यावर तशीच पडली होती.

दुसऱ्या दिवसापासून काकू काही द्यायच्या आधी विचारायला लागल्या. "डॉक्टरच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" प्रत्येक जण नाही म्हणाला. शिंपीण नाही म्हणाली, तिच्या पिशवीतून पाकिटाची चकचकीत कड दिसत होती तरी. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तर दुखावलेच. "काकू, अहो माझा तुमच्यावर विश्वास आहे!" जणू काकूंनी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला होता. काकूंना कळेना, या विश्वासाचं करायचं काय. माणसं त्यांच्यापुढे खोटं बोलत होती ती त्यांचं मन राखायला, आणि त्याच खोट्यापायी एक माणूस इस्पितळात तारा लावून पडला होता.

मग एके सकाळी त्यांनी खालच्या खणातून आपल्या गोळ्यांची पाकिटं काढली आणि काउंटरवर, तराजूच्या शेजारी, येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडून ठेवली.

"हे कुणाचं?" शिंपिणीने विचारलं.

"माझं. मला साखर आहे. मी गोळ्या घेते. आता तू तुझ्या दाखव."

शिंपिणीने पाकिटांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. तिने पिशवीतून आपली पाकिटं काढली खरी, पण घाईघाईने, मान वर न करता, आणि काकूंनी पाहून "यांच्याबरोबर तुला मी काही देणार नाही," म्हटल्यावर ती काहीच न घेता निघून गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली होती.

बेकरीवाली तणतणत आली. "म्हणजे तुम्ही गोळ्यांनी बऱ्या झालात आणि मला मेथी दिलीत?"

"मी तुला गोळ्या सोडू नको म्हटलं होतं."

"म्हटलंत, पण कसं म्हटलंत! मला काय माहीत तुम्ही खरंच म्हणताय! मी सोडल्या ना गोळ्या!" तिचे डोळे भरून आले. "तुम्ही खाता आणि सांगत नाही. मग आम्ही कुणाचं ऐकायचं?"

काकूंनी दुकान बंद केलं, तिला हाताला धरून जवळच्याच दवाखान्यात नेलं आणि भर दिवसा, सगळ्यांदेखत तिच्याबरोबर बाकावर बसल्या. बेकरीवाली बसली, डॉक्टरला दाखवलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पण घरी परतताना ती काकूंच्या चार पावलं पुढे चालत होती.

गिऱ्हाईक ओसरलं. काही जण म्हणाले, काकू विकल्या गेल्या. दवाखान्याच्या बाजूचे जे होते, ते म्हणाले, बघा, शेवटी गोळीच खरी, पाल्यात काय आहे? याचंही काकूंना वाईट वाटलं. खोकल्याला त्यांच्याकडे खरोखर औषध होतं, ते आजही होतं. पण हे अर्धं-अर्धं बोलणं कुणाला ऐकायचं नव्हतं. माणसांना एक काहीतरी पुरतं हवं असतं.

रविवारी मुलगा फोनवर म्हणाला, "आई, साखर झाली आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू तरी तुझं कुठे सगळं सांगतोस."

तो म्हणाला, "बंद कर दुकान. इकडे ये राहायला." त्याच्या आवाजात आग्रह होता आणि थोडी धास्तीही होती, आई खरंच हो म्हणेल की काय याची. काकूंना दोन्ही ऐकू आलं.

"बघू," त्या म्हणाल्या.

किल्लीवाले इस्पितळातून परत आले. पाय उतरले होते, बुटांना नाड्या आल्या होत्या. तीनपैकी एकच गोळी उरली असं शेजाऱ्यांकडून कळलं. मशीनचा किंचाळणारा आवाज पुन्हा सुरू झाला. काकूंनी पहिल्या संध्याकाळी स्टूल पुसून ठेवलं. किल्लीवाल्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं, रस्त्यापलीकडून हात वर केला आणि ते घराकडे वळले. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतरही तेच. काकूही हात वर करत. दुपारी ओट्यावर काही उकळायला नसे, घरात वास नसे. ज्येष्ठमधाच्या खणाकडे हात जाई आणि परत येई. त्या माणसाला आपण मरणाच्या दारातून मागे ओढलं की मरणाच्या दारापर्यंत नेऊन सोडलं होतं, याचा त्या विचार करत, आणि संध्याकाळ झाली की तोही विचार संपून जाई. मग नुसतं स्टूल दिसे.

बरेच दिवस असे गेल्यावर एका संध्याकाळी, मशीन अजून चालू होतं तेव्हाच, काकूंनी दुकान उघडं ठेवून रस्ता ओलांडला. शटरला कुलूप घालायला गेल्या तेवढंच, एरवी इतक्या वर्षांत त्या कधी त्या बाजूला गेल्या नव्हत्या. एकदा काउंटरमागच्या कपाटाचं कुलूप बसलं होतं, तेव्हाही किल्लीवालेच आले होते.

त्यांना पाहून किल्लीवाले गडबडीने उठले आणि त्यांचं डोकं वर टांगलेल्या किल्ल्यांना लागलं. किल्ल्यांचा खळखळाट झाला.

"काय झालं वहिनी? कुलूप बिघडलं?"

"नाही. काही बिघडलं नाही."

"मग?"

"बसायला आले."

किल्लीवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बसायला जागाच नव्हती. मग एक लोखंडी पेटी उलटी करून, फडक्याने झटकून त्यांनी दारात ठेवली. काकू बसल्या, तर पाय फुटपाथवरच आले. किल्लीवाले परत आपल्या जागी बसले. दोघांनाही काय बोलावं सुचेना. हातात पेला असला की मधेमधे गप्प राहता येतं, आता गप्प राहिलं की ते नुसतं गप्प राहणंच होत होतं.

"तुमची गोळी सकाळची की संध्याकाळची?" शेवटी किल्लीवाल्यांनी विचारलं.

"दोन्ही वेळची. जेवणाआधी."

"माझी सकाळची. तोंड कडू होतं हो तिने."

"माझं पोट गुरगुरतं."

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंत?"

"सांगितलं. आता सगळं सांगते. त्याच कंटाळतात."

किल्लीवाले हसले. एक माणूस तुटकी किल्ली घेऊन आला. त्यांनी ती चिमट्यात धरली, शेजारी कोरी किल्ली लावली आणि मशीन सुरू केलं. काकूंनी कानांवर हात ठेवले. जुन्या किल्लीचे दात नव्या किल्लीवर एकेक करून उतरताना त्या पहिल्यांदाच जवळून बघत होत्या. किल्लीवाल्यांनी नाकातोंडाला रुमाल बांधला होता. तो असाच बांधला असता तर मुळात खोकलाच झाला नसता, असं काकूंच्या मनात आलं. माणूस किल्ली घेऊन गेला.

"पुतण्या म्हणतो, दुकान विका आणि माझ्याकडे चला," किल्लीवाले रुमाल सोडत म्हणाले.

"जाणार?"

"माहीत नाही. तुम्ही?"

"मुलगाही तेच म्हणतो. मलाही माहीत नाही."

गल्लीतले दिवे लागायला लागले. समोर काकूंचं दुकान दिसत होतं, अंधारी खोली, कड्यांवर पडलेली पुसट चमक, काउंटरवर तराजू. काकू ते नवख्यासारख्या बघत राहिल्या.

"इथून असं दिसतं होय माझं दुकान!"

"असंच. तुम्ही काउंटरमागे असलात की अर्ध्याच दिसता."

"रोज बघता?"

"समोरच आहे ना," किल्लीवाले म्हणाले आणि मशीनवरचा कीस ब्रशने झटकू लागले.

तिकडे काकूंच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोकावून आत पाहिलं, कडी वाजवली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"वहिनी, गिऱ्हाईक आलंय."

"थांबेल जरा," काकू म्हणाल्या, आणि पेटीवर नीट सरकून बसल्या.